एप्रिलची छाटणी

"परवा तिकडे गारा पडल्या," चहाचा पहिला घोट घेऊन जयवंतीबाई म्हणाल्या. "वरच्या पट्ट्यातला फुलोरा पार झडला. खालचा वाचला, तेवढं नशीब, म्हणाला निशी."

उल्काच्या हातातलं लाटणं थांबलं. सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन, म्हणून ती पहाटेपासून पुरणाच्या मागे होती. क्वीन्सटाउनच्या त्या जुन्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पंखा लावला की गॅस विझतो आणि गॅस लावला की माणूस विझतं. घामाने ती निथळत होती, पण सासूबाईंचं वाक्य ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

"हो का," ती म्हणाली. "बरं झालं, खालचा वाचला ते."

मनातल्या मनात तिने मुलाला चार शिव्या हासडल्या. रुचिरला म्हणावं, निरोप पाठवतोस तो साधा पाठव. मी बरा आहे, तू गोळ्या वेळेवर घे, एवढं पुरे की. गारा कसल्या पाडतोस मेल्या?

बोरस्त्यांच्या घरात खोटं बोलायची पद्धत नाही, असं बोरस्ते स्वतःच चारचौघांत सांगत असतात. असेलही. पण पद्धत नसली म्हणून सवय लागत नाही थोडीच! सप्टेंबरात, गणपती नुकतेच गेले होते, जयवंतीबाईंची बायपास झाली. त्या अजून हॉस्पिटलातच होत्या आणि इटलीहून फोन आला, की त्यांचा धाकटा, निशिकांत, स्वतःच्याच तळघरात गुदमरून गेला. थोरला रविंद्र, उल्काचा नवरा, एकटाच जाऊन सगळं उरकून आला. आईला इतक्यात सांगायचं नाही, असं ठरलं. मग दिवाळीनंतर सांगू म्हणाले, मग तिचं पथ्य संपू दे म्हणाले, मग संक्रांत होऊ दे. आता जून लागला होता.

निशिकांत कधी व्हिडिओवर यायचाच नाही. तरुणपणी जेनोआ बंदरात जहाज सोडलं आणि आल्बाजवळच्या टेकड्यांत द्राक्षं लावून बसला, तेव्हापासून दर रविवारी आईला त्याचा आवाजी निरोप यायचा, शेताच्या बातम्यांचा. जयवंतीबाई निफाडच्या, द्राक्षात वाढलेल्या. वाईनला त्यांनी जन्मात बोट लावलं नाही, पण घड कधी विरळायचे यावर मुलाशी तास तास भांडल्या. तो आवाज बंद पडून कसं चाललं असतं? म्हणून त्यांच्या लेकीने, अनघाने, मजकूर लिहायचा आणि रुचिरने काकाच्या जुन्या निरोपांवरून, कॉम्प्युटरवर, त्याच्या आवाजात तो बोलवून घ्यायचा. आजी ऐकायची आणि म्हणायची, "घसा बसलाय याचा. थंडी लागली असेल."

*

अनघा आली ती मोगऱ्याचे गजरे आणि मोठी पर्स सांभाळत. रविंद्रची धाकटी बहीण ही. नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात भूल देते. घरात सगळे तिला थोडे वचकूनच असतात, कारण आईच्या हृदयावर शेवटचा शब्द तिचा.

"वहिनी, आज कुणी काही बोलायचं नाही हं," आल्या आल्या ती कुजबुजली. "दादाचा फोन आला होता काल. आज सांगतोच म्हणत होता. वेड लागलंय का त्याला? ओवाळायच्या दिवशी?"

"मग कधी सांगायचं? भावजींचं वर्षश्राद्ध घालून?" उल्का फणकारली. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, अनघा. आणि तुझ्या दादाकडे बघितलंस का? सगळ्या पँटी सैल झाल्यात. रडत नाही, चिडत नाही. कुणी विचारलं, भाऊ कसा आहे, तर हसून सांगतो, मजेत. दिवाळीत आकाशकंदील यांनीच लावला, स्टुलावर चढून. मी खाली स्टूल धरून उभी. मला वाटलं, आता हा माणूस पडणार."

"म्हणून आईला मारायचं?"

"मी मारायचं म्हटलं का? तोंड सांभाळून बोल हं."

एवढ्यात रुचिर आला. आंग मो किओच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम, जन्म इथलाच, परदेशातला, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच इथल्या इंग्रजीत घसरतो. उल्काने त्याला दंडाला धरून ओट्यापाशी ओढलं. "गारा कशाला पाडल्यास रे?"

"कसल्या गारा?"

"आजीच्या निरोपात. फुलोरा झडला म्हणे."

रुचिरने आधी आईकडे, मग आत्याकडे पाहिलं. "आत्या, तू लिहिलंस?"

"मी कुठे? मला वाटलं, आताशा तू स्वतःच लिहितोस. मागे काय ते, कोंबांना तांबूस झाक आलीय, मग वेली बांधायला वाळुंजाच्या काड्या कमी पडल्या. मी म्हटलं, पोरगं बरंच वाचतंय."

"मी काहीच नाही पाठवलं," रुचिर म्हणाला. "एप्रिलनंतर एकपण नाही. आय स्टॉप्ड ला, आत्या. तो शेवटचा बनवताना ना... तू दिलेलं संपलं तरी शेवटी काकाचा श्वास राहायचा. मी तो कट करायचो, सेव्ह करायचो, परत ऐकलं की परत तिथेच. मला भीती वाटली. मला वाटलं, तू दुसऱ्या कुणाकडून करून घेतेस."

कुकरची शिट्टी झाली आणि तिघंही दचकली.

जयवंतीबाई अंघोळीला गेल्या होत्या. अनघाने त्यांचा फोन उघडला. निशिकांतच्या नावापुढचा शेवटचा निरोप एप्रिलातला होता. त्याखाली काही नव्हतं. पुसलेलंही काही नव्हतं, रुचिरने खात्री करून घेतली.

"भास," अनघा म्हणाली. "या वयात, ऑपरेशननंतर होतात. मागच्या वर्षीचे निरोप आठवत असतील तिला. शेतात दरवर्षी तेच तर चालतं."

ती हे फारच भराभर बोलली. नेहमी पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना ती सावकाश बोलते.

*

रविंद्र बाहेर कॉरिडॉरमध्ये कठड्याला टेकून उभा होता. खाली झाडात कोकीळ केकाटत होता. या गावात कोकिळेला गोड कोण म्हणतो देव जाणे, पहाटेपासून नुसता ठणाणा.

हातात फोन होता. जोव्हान्नाचा निरोप, भाषांतर होऊन आलेला. जोव्हान्ना ही निशीची शेजारीण, सत्तरी उलटलेली विधवा. निशी गेल्यापासून शेताकडे तीच बघते. तिने लिहिलं होतं: शुक्रवारी संध्याकाळी गारा पडल्या. वरच्या पट्ट्यातली फुलं गेली. खालचा पट्टा वाचला. बाटल्या पोचल्या का? तो गेला त्या दिवसांतलीच ती वाईन आहे. ती शांत होत नाही. तुला सांगितलं होतं ते तू केलं नाहीस.

उल्काने त्याला दहा मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं, आई काय म्हणाली ते. त्याने निरोप पुन्हा वाचला. आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस तो. आवाज आला की तो कुठून येतो हे शोधायचं, एवढंच त्याला येत होतं. हा कुठून येतो ते सापडत नव्हतं.

तळघर त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नसे. द्राक्षाचा रस आंबून उकळायला लागला की तिथे एक वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. खाली उतरताना हातात मेणबत्ती धरायची, ती विझली की पाठ फिरवून वर यायचं. एवढं साधं. निशीने हे शेकडो वेळा केलं होतं. मग त्याच दिवशी काय झालं? रविंद्रने पायऱ्या पाहिल्या होत्या. जे पाहिलं ते उल्कालाही सांगितलं नव्हतं.

आणि जोव्हान्ना म्हणाली होती, "तू मोठा भाऊ. खाली जा, एकेका पिंपावर हात ठेव आणि सांग, तुमचा मालक गेला. आमच्याकडे सांगावं लागतं. नाही सांगितलं तर वाईन त्याची वाट बघत राहते." रविंद्र गेला होता. गार लाकडावर हातही ठेवला होता. पण 'निशी' म्हटल्यावर पुढचा शब्द तोंडातून बाहेर पडेना. सगळा मूर्खपणा आहे, असं म्हणून तो वर आला आणि संध्याकाळचं विमान पकडलं.

जोव्हान्नाने पाठवलेल्या बाटल्यांचं खोकं आता जेवणाच्या टेबलाखाली होतं. पुठ्ठ्याला कान लावला तर आत बारीक चरचर ऐकू यायची. तेल तापायला लागल्यावर येते तशी.

*

ओवाळणं मात्र झकास झालं. जयवंतीबाई मोरपंखी साडी नेसून पाटावर नाही, खुर्चीवर बसल्या, कारण गुडघे. अनघाने आणि उल्काने दोन्ही बाजूंनी दिवे ओवाळले. ज्योती फडफडू नयेत म्हणून सगळे पंखे बंद केले, तर रुचिर म्हणाला, "आजी, यू आर ग्लोइंग." त्या म्हणाल्या, "घाम आहे तो, गाढवा." सगळे हसले. रविंद्रही हसला. अनघाने तेवढ्यात त्याच्याकडे नीट पाहिलं. हसणं तोंडापुरतंच होतं, त्याच्या डोळ्यांपर्यंत ते पोचलंच नाही. हा दादा आपल्याला कित्येक महिन्यांत दिसलाच नव्हता, असं तिला वाटलं आणि पहिल्यांदाच तिला आपल्या हुकमाची भीती वाटली.

पुरणपोळीवर तुपाची धार पडली आणि टेबलाखालून 'फट्' असा आवाज झाला.

रुचिर टुणकन उठला. खोक्यातल्या एका बाटलीचं बूच निघून कोपऱ्यात उडालं होतं. जांभळा फेस पुठ्ठ्यातून पाझरत फरशीवर येत होता. खोलीभर आंबट, ओलसर वास पसरला. त्यात द्राक्षं होती आणि मातीही होती.

"उकाडा आहे ना," उल्का फडकं घेऊन धावली. "देवाधर्माच्या दिवशी दारूचा सडा! भावजींना काय सांगायचं आता!" आणि सवयीने बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"दारू नाही ती, शेतमाल आहे. तो असंच म्हणतो," जयवंतीबाई शांतपणे पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "आणि उकाड्याने नाही उसळली. तिकडे वेलींना फुलं आली की इकडे बाटलीतली वाईन अस्वस्थ होते. जुनी माणसं सांगतात तिकडची." तुकडा तोंडात टाकून, नीट चावून, त्यांनी विचारलं, "एप्रिलमधला तो निरोप कुणी लिहिला होता गं?"

रुचिरने आत्याकडे पाहिलं.

"खरड छाटणी उरकली, आई, मजुरांची फार ओढाताण झाली," त्यांनी म्हणून दाखवलं. आवाज त्यांचाच होता, हेल मात्र निशिकांतचा. "खरड छाटणी! ती आपल्या निफाडची. एप्रिलला खरड, ऑक्टोबरला गोडी. निशीकडे एकदाच छाटतात, ऐन थंडीत. एप्रिलमध्ये तिकडे कोवळे कोंब फुटतात. कोंबांवर कात्री चालवणारा माझा मुलगा नव्हे. अनघा, आजोळी तू सुट्टीत उनाडायला यायचीस, तेवढंच तुझं शेतीचं ज्ञान. खोटं बोलायचं तर पीकपाणी तरी बघून बोलावं."

अनघाचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, अगं, तुझ्या तब्येतीसाठी..."

"माहितीये. चिडले नाहीये मी. जेवा सगळे, पोळ्या गार होतात." मग थोरल्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "रवी, जेवण झालं की माझ्या खोलीत ये. एकटा ये."

*

आईची खोली लहान. पलंग, कपाट, खिडकीशी एक वेताची खुर्ची. बाहेर ऊन रणरणत होतं, पण आत गारवा होता. एसी बंद होता हे रविंद्रच्या लक्षात आलं. तो खुर्चीकडे वळला.

"तिथे नको. इथे पलंगावर बस, माझ्याजवळ."

तो बसला. काय बोलायचं हे त्याने रात्रभर घोकलं होतं. आता त्यातलं एक अक्षर आठवेना.

"आई, तुला..."

"ज्या दुपारी तो छाटणीचा निरोप ऐकला ना, त्याच दुपारी," त्या म्हणाल्या. "फोन खाली ठेवला. म्हटलं, हा माझा निशी नव्हे. आणि त्या खुर्चीतून तो म्हणाला, नाहीच आई, तो मी नव्हे."

रविंद्रने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत कुणी नव्हतं. पण बाहेरच्या फेसाचा तोच ओला वास इथे होता, आणि दार तर बंद होतं.

"तेव्हापासून येतो. याच वेळेला. बसतो, शेतातलं सांगतो. गारांचंही त्यानेच सांगितलं."

"आई, तुला भास..."

"मेणबत्ती पायरीवर होती," जयवंतीबाई म्हणाल्या. "पडलेली नव्हती, उभी होती. थोडं मेण सांडून त्यावर नीट बसवलेली, आपण देवापुढे बसवतो तशी. विझल्यावर त्याने ती खाली ठेवली, म्हणाला, आणि क्षणभर टेकला. फार दमला होता. तोडणीचे दिवस होते, झोप नव्हती. म्हणाला, आई, मला वाटलं, उठतोच आता."

ती मेणबत्ती रविंद्रने स्वतःच्या हाताने उचलली होती आणि, निशी मुद्दाम खाली थांबला असं कुणी म्हणू नये म्हणून, विहिरीत टाकली होती. जगात कुणालाही ते माहीत नव्हतं.

"दुखलं नाही म्हणाला," त्या पुढे म्हणाल्या. "एवढं मी पहिल्यांदा विचारून घेतलं. मग विचारलं, बाळा, तुला जायचं नाही का रे? तर म्हणाला, कसा जाऊ? घरात अजून कुणी म्हटलंच नाही, मी गेलो म्हणून."

बाहेर कुणीतरी भांडी आवरत होतं.

"मग मीही ते म्हटलं नाही," त्यांचा आवाज फुटला. "का म्हणू? आईला काय, मुलगा दारात आला की ती दार उघडते. जिवंत की मेलेला, हे ती नंतर बघते. मी त्याला ठेवून घेतला, रवी. तुम्ही मला फसवत होता आणि मी तुम्हाला. मला छान चाललं होतं. जन्मभर परदेशात राहिलेलं पोर, म्हातारपणी रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसत होतं."

"मग राहू दे," रविंद्र म्हणाला. आपण हे काय बोलतोय हे त्याला कळत होतं, तरी तो बोलला. "राहू दे त्याला, आई. मी कुणाला काही सांगत नाही."

"आणि तुझं काय? आज ओवाळताना बघितलं मी तुला. दिवा तुझ्या तोंडाजवळून फिरला आणि तुझ्या गालांची हाडं दिसली मला. त्या कॉरिडॉरमध्ये तू तासन् तास उभा असतोस, कठड्याला टेकून. बाराव्या मजल्यावर. उल्का रात्री तीन तीनदा उठून तुला बघून जाते, मला काय कळत नाही?" त्यांनी त्याचं मनगट धरलं. त्यांच्या बोटांत ते सहज मावलं. "एकाला धरून ठेवलं तर दुसरा सुटायला लागलाय. दोघांना राखायचं बळ माझ्यात नाही रे आता. जो आहे, त्याला राखलं पाहिजे."

त्या खुर्चीकडे वळल्या. बराच वेळ बघत राहिल्या, जसं स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत खिडकीतल्या माणसाकडे बघतात. ओठ हलत होते, शब्द रविंद्रला कळले नाहीत. एकदा त्यांनी मान डोलावली, कुणाच्या तरी बोलण्याला हो म्हणावं तशी.

मग त्यांनी थोरल्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. रविंद्रला वाटलं, आता आपल्याला सांगावं लागणार, आणि तळघरात अडलेला तोच शब्द पुन्हा अडला.

"रवी," त्या म्हणाल्या, अगदी सांभाळून, मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला सांगतात तसं. "बाळा, तुझा भाऊ गेला रे."

रविंद्रच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बाहेरची तिघंही धावत आली. अनघाने दार ढकललं. तिचा दादा, साठीचा गडी, आईच्या मांडीत डोकं खुपसून लहान पोरासारखा ओरडून रडत होता. खोलीत उकडत होतं, घामाने सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले. वेताच्या खुर्चीवर खिडकीतलं ऊन पडलं होतं.

जयवंतीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. खुर्चीकडे त्यांनी परत मान वळवली नाही.

"उल्का," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना अंघोळी करायला सांग. घरातलं माणूस गेलंय."